जर्नलिझममधला ‘जर्नल’

प्रश्न : अकाउंट्सचं जर्नल, प्रयोगशाळेचं जर्नल, संशोधकांचं जर्नल आणि जर्नलिझम. यांचा एकमेकांशी काय संबंध? – एक वाचक, सातारा

उत्तर : चारही शब्दांच्या मुळाशी लॅटिन ‘दिएस’ आहे, म्हणजे दिवस. आपला ‘दिवस’ही याच घराण्यातला. ‘दिएस’वरून ‘दिउर्नालिस’, म्हणजे रोजचं, हे विशेषण झालं आणि जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘जुर्नल’ झालं. ‘द’चा ‘ज’ झाला याचं मराठी माणसाला नवल वाटू नये. प्राकृतातून येताना ‘अद्य’चं ‘आज’ आणि ‘विद्युत्’ची ‘वीज’ अशीच झाली. ‘द’पाठोपाठ ‘य’ किंवा ‘इ’ आणि पुढे स्वर आला, की जीभ टाळूकडे सरकते आणि ‘ज’ ऐकू येऊ लागतो.

अर्थ समजून घ्यायला व्यापाऱ्याची रोजकीर्द सगळ्यात उपयोगी. व्यवहार आधी तारखेच्या क्रमाने रोजकीर्दीत उतरतो, मग खतावणीत त्या त्या खात्यावर जातो. जर्नल म्हणजे ही पहिली, तारीखवार नोंद. प्रयोगाची वहीही तशीच.

गडबड होते ती मूळ अर्थ आजच्या शब्दावर लादल्यामुळे. ‘जर्नल म्हणजे दैनिक’ असं धरलं तर त्रैमासिकाला जर्नल म्हणणंच चूक ठरेल. पण ५ जानेवारी १६६५ रोजी पॅरिसमध्ये सुरू झालेलं ‘जूर्नाल दे साव्हां’ हे विद्वानांचं नियतकालिकसुद्धा दैनिक नव्हतं. ‘रोज’चा आग्रह तोवर सुटला होता, ठरावीक काळाने निघणं तेवढं उरलं होतं. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमध्ये ‘जूर्नालिस्म’ रूढ झालं आणि १८३०च्या दशकात ते इंग्रजीत आलं.

प्रश्न : रोमची ‘आक्ता दिउर्ना’ हे जगातलं पहिलं वर्तमानपत्र म्हणायचं का?

उत्तर : आमच्या मते नाही. इ.स.पू. ५९मध्ये ज्युलियस सीझरने सिनेटचं आणि नगराचं कामकाज रोज जाहीर करायला लावलं. पण ते सरकारने सार्वजनिक जागी लावलेलं निवेदन होतं. छापील बातमीपत्र नियमित निघू लागलं ते १६०५च्या सुमारास, स्ट्रासबर्गमध्ये.

प्रश्न : ‘दर्पण’ पाक्षिक होतं, मग पत्रकार दिन त्याच्यावरून कसा?

उत्तर : किती दिवसांनी निघतं यावर पत्रकारिता ठरत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक काढला. त्याच वर्षी ते साप्ताहिक झालं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी असे, म्हणजे एतद्देशीयांचं म्हणणं राज्यकर्त्यांनाही वाचता यावं. हा विचार आम्हाला अंकांच्या संख्येपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. रोज निघण्याचंच पाहायचं तर पुण्याचं ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली साप्ताहिक म्हणून सुरू झालं आणि १९०४मध्ये दैनिक झालं. म्हणून त्याची आधीची ५५ वर्षं पत्रकारितेतून वगळायची का?

प्रश्न : ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हे खरं ना?

उत्तर : नाही. ‘न्यू’, म्हणजे नवं, याचंच ते अनेकवचन, नव्या गोष्टी. जुन्या इंग्रजीत त्याचं स्पेलिंग निरनिराळ्या प्रकारे होई, त्यात ही चार आद्याक्षरं जुळतही नाहीत. कोणत्याही शब्दाची अशी फोड कुणी सांगितली, तर आधी त्याची सर्वात जुनी लिखित रूपं पाहावीत.