दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर महिन्याने बेंबीजवळून पू येतोय, तीन अँटिबायोटिक झाली. हा ‘रेझिस्टन्स’ (जंतूंनी औषधाला दाद न देणं) आहे का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, आठव्या दिवशी टाके निघाले, जखम छान भरली. पाचव्या आठवड्यात बेंबीजवळच्या छिद्रापाशी गाठ आली, ती फुटली आणि पातळ पू येऊ लागला. ताप नाही, शुगर नाही. आधी अमॉक्सिक्लाव, मग सेफिक्झिम, मग पाच दिवस ॲझिथ्रोमायसिन. कल्चरचा (पुवातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट ‘नो ग्रोथ’, म्हणजे काहीच उगवलं नाही. आणि आता घरातले सगळे म्हणताहेत की आणखी स्ट्राँग अँटिबायोटिक सुरू करा.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे. एका मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये अशा जखमांचे नमुने रोज माझ्या टेबलावर येतात. आईंना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान तुमच्या सर्जननीच करायचं. पण तुमच्या मजकुरात दोन ठिकाणी मी थबकले: ‘पाचव्या आठवड्यात’ आणि ‘नो ग्रोथ’.

जखमेतले नेहमीचे जंतू इतका वेळ घेत नाहीत. स्टॅफिलोकोकस बहुधा पहिल्या दहा-बारा दिवसांतच डोकं वर काढतो. जखम लाल होते, ठणकते, ताप येतो. ज्याच्या नावाने लोक घाबरतात तो एमआरएसए याच घराण्यातला. तो पेनिसिलीनच्या जातीच्या जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद देत नाही, पण कल्चरच्या प्लेटवर (जंतू वाढवायच्या बशीत) दुसऱ्या दिवशी उगवतो आणि त्याच्यावर काय चालेल हेही लगेच कळतं. भरलेली जखम महिन्याभराने फुटते, दुखणं बेताचं, ताप नाही, साध्या कल्चरवर काही उगवत नाही, असं असलं की आम्हाला वेगळीच शंका येते. ती म्हणजे टीबीच्या जंतूंच्या चुलतभावांची, ‘अटिपिकल मायकोबॅक्टेरिया’ची. चेलोनी, फॉर्च्युइटम आणि ॲबसेसस ही त्यातली तीन नावं तुमच्या कानावर पडू शकतात. (हा टीबी नव्हे. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, आईंची भांडी वेगळी काढू नका.)

हे जंतू पाण्यात आणि मातीत राहतात. नळाच्या पाण्यात, टाकीत, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात. पोटात जातात ते बहुतेकदा ऑपरेशनच्या हत्यारांवरून. दुर्बिणीच्या हत्यारांना लांब नळ्या, सांधे, प्लॅस्टिकचं आवरण असतं. त्यातली सगळीच ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) उष्णता सोसत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी ती २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात बुडवून ठेवतात. दोन ऑपरेशनांच्या मध्ये वीस मिनिटं बुडवली तर बरेच जंतू मरतात, पण हत्यार पूर्ण निर्जंतुक व्हायला त्याच द्रावणात आठ-दहा तास लागतात. सांध्यात रक्ताचा कण अडकलेला असेल तर तेही पुरत नाही. वर शेवटी हत्यार नळाच्या पाण्याने धुतलं, की सगळी मेहनत पाण्यात. नळाचं पाणी उकळून वापरणंही पुरेसं नाही, तिथे स्टराइल पाणीच लागतं.

ब्राझीलमध्ये याचं फार मोठं उदाहरण घडलं. रिओ द जानेरो राज्यात ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या काळात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर अशा संसर्गाचे १,०५१ संभाव्य रुग्ण नोंदले गेले, तेही ६३ रुग्णालयांत मिळून. तिथल्या जंतूंवर २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडचा परिणामच होत नव्हता. म्हणजे इथे रेझिस्टन्स होता तो हत्यारं बुडवायच्या द्रावणालाच. भारतातूनही अशा लहान-मोठ्या साथी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत.

आता तुमचा मूळ प्रश्न. हे जंतू निघाले, तर अमॉक्सिक्लाव आणि सेफिक्झिम का लागू पडली नाहीत याचं उत्तर सोपं आहे: ती कधी लागू पडणारच नव्हती. या जंतूंची भिंत मेणासारखी असते, त्यातून बरीच औषधं आत शिरतच नाहीत. हा रेझिस्टन्स आईंनी पूर्वी घेतलेल्या गोळ्यांनी आलेला नाही, तो जन्मजात आहे.

मला खरी काळजी वाटली ती ॲझिथ्रोमायसिनची. या जंतूंवर जी थोडी औषधं चालतात त्यात क्लॅरिथ्रोमायसिन मुख्य, आणि ॲझिथ्रोमायसिन त्याचंच भावंड. हे औषध जंतूच्या ज्या जागी जाऊन बसतं, त्या जागेच्या जनुकाची चेलोनी आणि ॲबसेसस यांच्याकडे एकच प्रत असते. तिथे एक बदल झाला की औषध निकामी. म्हणून ते एकटं, थोडे दिवस, पुन्हा पुन्हा घेणं धोक्याचं. पाच दिवसांनी लगेच बिघडलं असेल असं नाही, पण मेडिकलमधून आणखी एक पाकीट आणू नका, एवढं कळकळीने सांगते.

‘नो ग्रोथ’बद्दल एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी हर्नियाची जाळी बसवलेल्या एका रुग्णाचा पू आमच्याकडे आला. ४८ तासांनी प्लेट कोरी, मी ‘नो ग्रोथ’वर सही केली. आमच्या टेक्निशियन ताईंनी ती प्लेट फेकली नव्हती. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टाचणीच्या टोकाएवढे कोरडे ठिपके दिसत होते. झील-नीलसन रंग (टीबीच्या घराण्यातले जंतू लाल दाखवणारा) दिल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या. तोवर त्या रुग्णाची चार अँटिबायोटिक झाली होती. सही केलेला रिपोर्ट मागे घेताना मला फार वाईट वाटलं. खरं तर त्यावर ‘दोन दिवसांत नो ग्रोथ’ असं लिहायला हवं होतं. आता तसंच लिहिते, आणि ऑपरेशनच्या उशिरा फुटलेल्या जखमेची प्लेट आम्ही राखून ठेवतो.

म्हणून सर्जनना भेटाल तेव्हा नमुन्याबद्दल बोला. कापसाच्या स्वॅबपेक्षा सिरिंजमध्ये ओढलेला पू बरा, आणि गाठीचा छोटा तुकडा सगळ्यात उत्तम. तुकडा काढला तर तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये (बायोप्सीचा तुकडा टिकवायच्या द्रावणात) जाऊ देऊ नका. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर करता येत नाही. अर्धा बायोप्सीला, अर्धा स्टराइल सलाईनमध्ये आमच्यासारख्यांकडे. फॉर्मवर ‘एएफबी स्मिअर आणि कल्चर, अटिपिकल मायकोबॅक्टेरियाची शंका’ असं स्पष्ट लिहून घ्या. (एएफबी स्मिअर म्हणजे काचपट्टीवर पू पसरून, रंग देऊन त्या लाल काड्या शोधणं.) ते कल्चर सहा आठवडे ठेवतात, वाढ त्याआधीही दिसू शकते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. बायोप्सीत ‘ग्रॅन्युलोमा’ (टीबीतही दिसणारा पेशींचा पुंजका) येतो आणि लगेच टीबीच्या गोळ्या चालू होतात. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड या जंतूंवर चालत नाहीत. स्मिअरमध्ये लाल काड्या आहेत पण जीनएक्स्पर्टमध्ये (टीबीच्या जंतूचं जनुक शोधणाऱ्या तपासणीत) टीबी नाही, असं आलं तर थांबून विचारा.

निदान पक्कं झालं तर उपचार लांबतो. दोन किंवा जास्त औषधं एकत्र, काही महिने, आणि बऱ्याचदा ती गाठ आणि पू येणारी वाट कापून काढावी लागते. अमिकॅसिनची इंजेक्शनं असली तर किडनी आणि ऐकू येणं यावर लक्ष ठेवायला सांगा. बहुतेक लोक बरे होतात.

आणि हॉस्पिटलला कळवा. भांडण म्हणून नव्हे. त्याच आठवड्यात तिथे आणखी कुणाची दुर्बिणीची ऑपरेशनं झाली असतील, त्यांच्याही जखमा आता फुटत असतील, आणि ते लोकही वेगवेगळ्या दवाखान्यांत तिसरं-चौथं अँटिबायोटिक घेत असतील. हत्यारं कशी निर्जंतुक करता, शेवटचं धुणं कोणत्या पाण्याने होतं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मध्येच थंडी-ताप आला, पोट दुखायला लागलं किंवा डोळे पिवळे दिसले, तर कल्चरची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. नाहीतर आधी स्मिअर करून घ्या, तो एक-दोन दिवसांत कळतो. रिपोर्ट आला की इथेच खाली लिहा, मी बघेन.