वाचकांचे प्रश्न : उच्चार एक, स्पेलिंग दोन

प्रश्न : मी सोलापुरातील एका पतसंस्थेत पत्रव्यवहाराचे काम पाहते. कर्जदारांना जाणाऱ्या इंग्रजी पत्रांत ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ‘ए-एल’ लिहावे की ‘एल-ई’, यात माझी नेहमी गफलत होते आणि संगणकही ती दाखवत नाही. ‘स्टेशनरी’ आणि ‘इफेक्ट’ यांचेही तसेच. या जोड्या ओळखायच्या कशा?

उत्तर : संगणकातील स्पेलिंग तपासण्याची साधी सोय शब्द कोशात आहे की नाही एवढेच पाहते, आणि आपल्या जोडीतील दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणून तांबडी रेघ उमटत नाही. कानाचाही उपयोग नाही, कारण उच्चार एकच. अशा वेळी शब्द वाक्यात कोणते काम करतो आहे आणि त्याच्या कुळातले दुसरे शब्द कसे लिहिले जातात, हे पाहावे.

‘ए-एल’वर संपणारा ‘प्रिन्सिपल’ मुळात विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘मुख्य’. नॅशनल, सेंट्रल, लीगल या विशेषणांचा शेवट याच दोन अक्षरांनी होतो, हे ध्यानात घेतले की शंका बरीचशी मिटते. आपण ‘थोरला आला’ म्हणतो तेव्हा ‘मुलगा’ हा शब्द गाळलेलाच असतो. त्याच रीतीने कर्जाची मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल आणि महाविद्यालयाची मुख्य व्यक्ती म्हणजे प्राचार्य, या दोन्ही अर्थी हे विशेषण नामासारखे वापरले जाऊ लागले. ‘एल-ई’वर संपणारा शब्द मात्र केवळ नाम असून त्याचा अर्थ ‘तत्त्व’ एवढाच आहे. म्हणजे आपल्या पत्रांत, व्याजाशेजारी जो शब्द येतो तो, नेहमी ‘ए-एल’चाच. शाळेत शिकवतात की प्राचार्य हा विद्यार्थ्यांचा ‘पाल’, म्हणजे दोस्त, म्हणून शेवटी ‘पी-ए-एल’. ही युक्ती प्राचार्यांपुरती ठीक आहे, पण मुद्दल कोणाचा दोस्त झाल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे पतसंस्थेत तिच्यावर विसंबू नये.

‘स्टेशनरी’ची गोष्ट अधिक रंजक आहे. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांच्या गावी जे पुस्तकविक्रेते फिरस्तीवर न जाता एका जागी दुकान थाटून बसत, त्यांना लॅटिनमध्ये ‘स्तातिओनारियुस’, म्हणजे ठिय्या असलेला, असे म्हणत. त्यावरून इंग्रजीत ‘स्टेशनर’ आला. लंडनमधील या व्यावसायिकांचा संघ 1403 मध्ये स्थापन झाला आणि 1557 मध्ये त्याला राजसनद मिळाली. जसे बेकरवरून बेकरी आणि ग्रोसरवरून ग्रोसरी, तशी स्टेशनरवरून स्टेशनरी; त्यामुळे वह्या-पेनांच्या स्टेशनरीत ‘ई-आर-वाय’ येते. ‘ए-आर-वाय’ची स्टेशनरी म्हणजे स्थिर, एका जागी उभी असलेली. शब्द सख्खे चुलत असले तरी ‘ए’ लिहून पाटी लावली, तर ते दुकान फक्त जागचे हलत नाही एवढेच कळते. अशा पाट्या आपल्याकडे विपुल आहेत.

‘इफेक्ट’ आणि ‘अफेक्ट’ यांत ‘ई’ने सुरू होणारा बहुधा नाम असतो, अर्थ ‘परिणाम’. ‘ए’ने सुरू होणारा बहुधा क्रियापद असतो, अर्थ ‘परिणाम करणे’. नवा व्याजदर 1 एप्रिलपासून अमलात येतो असे कळवताना ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ लिहितात, तिथे ‘ई’च हवा. एक अपवाद मात्र जाणून असावा : ‘ई’चा शब्द क्रियापद म्हणूनही येतो आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘घडवून आणणे’ असा होतो. दुरुस्ती घडवून आणली तर ‘ई’, दुरुस्तीवर परिणाम केला तर ‘ए’.

प्रश्न : रात्र आणि सरदार या दोन्ही अर्थी उच्चार ‘नाइट’च आहे, मग सरदाराच्या आधी न बोलणारा ‘के’ कशाला? सातवीतल्या मुलाला काय सांगू?

उत्तर : तो ‘के’ एके काळी बोलत होता, असे सांगावे. जुन्या इंग्रजीत तो स्पष्ट उच्चारला जाई, आणि मधला ‘जी-एच’ही मुका नव्हता, त्याचा घशातून घर्षणाने ‘ख’सारखा ध्वनी निघे. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत हे आजही ऐकू येते : रात्रीला तिथे ‘नाख्ट’ म्हणतात, तर सरदाराच्या शब्दाचा तिथला भाऊबंद ‘क्नेख्ट’ आहे, जरी त्याचा अर्थ गडी किंवा चाकर असा असला तरी. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि पुढे स्पेलिंगे हळूहळू छापील रूपात घट्ट होत गेली; नेमक्या त्याच शतकांत उच्चार मात्र झपाट्याने बदलत राहिले. ‘मीट’ म्हणजे मांस आणि ‘मीट’ म्हणजे भेटणे यांचे स्वरही पूर्वी निराळे होते, म्हणूनच एकात ‘ई-ए’ आणि दुसऱ्यात दोन ‘ई’ उरले आहेत.

प्रश्न : नाशिकच्या द्राक्षबागांची माहिती इंग्रजीत लिहिताना ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांत घोळ होतो. हा फरक आपल्याला ऐकू का येत नाही?

उत्तर : मराठीत या दोहोंसाठी एकच ‘व’ आहे. ‘व्ही’साठी आपण ‘व्ह’ लिहितो खरे, पण तोच ‘व्ह’ ‘डब्ल्यू-एच’साठीही वापरतो, त्यामुळे बुरखा आणि देवमासा हे दोघेही आपल्याकडे ‘व्हेल’ होतात. ‘व्ही’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत. ‘डब्ल्यू’ला दात न लावता दोन्ही ओठ गोल करावेत. वाइन हा शब्द लॅटिनमधून फार पूर्वी उचलला गेला, तेव्हा लॅटिनमधील त्या अक्षराचा उच्चार ‘डब्ल्यू’सारखा होता, द्राक्षवेलीचा शब्द पुढे फ्रेंचमार्गे ‘व्ही’ घेऊन आला. म्हणून वेल आणि बाग यांना ‘व्ही’ लिहावा, बाटलीला ‘डब्ल्यू’.