ख्रिस्ताने मोकळं केलंय, तर मंडळीत एवढे नियम कशाला?

प्रश्न तुम्ही सविस्तर लिहिलाय, इतरांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही कोपरखैरण्याला राहता. लग्नानंतर विश्वासात आलात, नवरा अजून नाही. ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाता तिथे टिकली नको, दागिने नकोत, सिनेमा नको, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चुकता कामा नये. आता नणंदेच्या बाळाच्या बारशालाही जाऊ नका म्हणतात, कारण तिथे पूजा असणार. रविवारी मुक्तीची गाणी म्हणायची आणि सोमवारपासून हे, मग मोकळीक कुठली? आणि सगळे नियम सोडले तर मी वाहवत जाणार नाही कशावरून?

मी कळव्याची. आमचं घराणं नगरकडचं, काही पिढ्या ख्रिस्ती, त्यामुळे नियमांची मला सवय आहे. आमच्या आजीच्या लेखी रविवारी शिवणाची सुई हातात घेणं आणि पत्ते खेळणं ही खुनाच्या खालोखालची पापं होती. मी पाळक नाही, बायबल अभ्यासाला नेमाने बसते एवढंच.

बारशाला जा. कारण सांगते.

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढा. अंत्युखियात पेत्र यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आली तसा तो हळूच मागे सरला, वेगळा बसायला लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदीही उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर, तोंडावर सुनावलं. पेत्र! ज्याने प्रभूबरोबर दिवस काढले, तो. आणि भांडण कशावरून, तर जेवायला कोण कोणाशेजारी बसतं यावरून. आपल्याकडच्या माणसाला पंगतीतून उठण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तुम्ही बारशाला गेला नाहीत तर नणंदेला तुमचा विश्वास दिसणार नाही, तिला फक्त रिकामी जागा दिसेल. पूजेला हात जोडायची तुमच्यावर सक्ती नाही, तेवढ्या वेळापुरतं बाजूला उभं राहता येतं. पाळणा हलवायला, बाळाला मांडीवर घ्यायला कुठल्याही शास्त्राची आडकाठी नाही.

प्रसादाचं विचारलंत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, चौकशा करत बसू नका. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला दाखवलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून. म्हणजे तिथेही प्रश्न समोरच्या माणसाचा आहे. नम्रपणे 'मी नाही घेत' म्हणालात तर नणंद समजून घेईल. नाक मुरडलंत तर नाही घेणार.

आता नियम असावेत की नसावेत. सुंता ही यहुद्यांची धर्मखूण. पौलाने आपल्या सहकाऱ्यांपैकी तीमथ्याची सुंता करवली आणि तीताची करू दिली नाही. पौल तोच, सुंता तीच. तीमथ्याची आई यहुदी होती. त्या भागातल्या यहुद्यांमध्ये त्याला वावरायचं होतं, दार उघडं राहावं म्हणून पौलाने ते केलं. तीताच्या वेळी मात्र लोक अडून बसले होते की याच्याशिवाय तारण अपुरं. तिथे पौल तसूभर हलला नाही. मला वाटतं तुमच्या सगळ्या यादीला हीच चाळणी लावावी. टिकली लावू नका, ठीक आहे, नका लावू. पण 'लावलीत तर देव तुमच्यावर नाराज' हे ज्या दिवशी कोणी म्हणालं, त्या दिवशी ती टिकली राहिली नाही, ती सुंता झाली.

दागिन्यांसाठी पेत्राच्या पहिल्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायातलं वचन दाखवतात ना? त्याच वाक्यात सोन्याच्या आधी केस गुंफण्याचा उल्लेख आहे. पुढच्या रविवारी बघा, किती बहिणी वेणी घालून आल्यात. वेणीला कोणी काही म्हणत नाही! तिथे मुद्दा बंदीचा नाहीच, खरी शोभा आतल्या माणसाची असा आहे.

नियम न पाळणारेच मोकळे असंही नाही हो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि तिथेही शाकाहारीच राहिल्या. कोणी म्हणालं म्हणून मांसाला हात लावला नाही. पण चर्च सांगेल ते मुकाट मान्य करा असा आग्रह झाला, तेव्हा १८८५ मध्ये वाँटेजच्या मठातल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनना त्यांनी कळवलं की पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायला तयार नाही. बाप्तिस्म्याला दोन वर्षंही झाली नव्हती. आणि ह्याच बाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पवित्र आत्म्याची एवढी मोठी जागृती झाली. मान न तुकवणाऱ्या बाईवर आत्मा रागावला नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

वाहवत जाण्याची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पौलालाही ती होती. मोकळीक ही देहवासनांना सवलत समजू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा, असं तो त्याच गलतीकरांच्या पत्रात लिहितो. पण देहाची कर्मं म्हणून त्याने जी यादी दिलीय ती एकदा सावकाश वाचा. पंधरा गोष्टी आहेत. जारकर्म आहे, मूर्तिपूजा आहे, दारूबाजी आहे. आणि वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. पंधरातल्या आठ. टिकली लावणाऱ्या बहिणीबद्दल उपासनेनंतर चपला घालता घालता जे कुजबुजणं चालतं, ते सिनेमापेक्षा ह्या यादीत ठळक बसतं. कडक मंडळ्या इतक्या फुटतात त्याचं मला म्हणून नवल वाटत नाही.

आत्म्याने चालणं म्हणजे काय, तर कानात आवाज येत नाही, निदान मला तरी कधी आलेला नाही. सासूबाईंनी टोमणा मारला, जिभेवर उत्तर तयार आहे, आणि त्या क्षणी 'प्रभू, आता तूच बघ' म्हणून ते गिळायची ताकद मिळते. कधी मिळते, कधी आपण मागतच नाही. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता वगैरे फळ हे झाडाला जसं हळूहळू धरतं तसंच धरतं, आणि आधी दिसतं ते घरच्यांना. तुमच्या नवऱ्याला विचारा, तुम्ही विश्वासात आल्यापासून घरात काय बदललं. त्याचं उत्तर मंडळीच्या कुठल्याही तपासणीपेक्षा भरवशाचं.

दशांशाचं शेवटी ठेवलं, कारण तिथे मला राग येतो. वहीत नावं लिहून ज्यांचा राहिला त्यांची नावं माईकवर वाचतात असं तुम्ही लिहिलंय. पौल करिंथकरांना म्हणतो, ज्याने त्याने मनात ठरवलं तसं द्यावं, कुरकुरत नको आणि भाग पडतं म्हणूनही नको. हॉलचं भाडं, पास्टरांचं घर, खर्च असतातच, द्यायला हवंच. नावं वाचायची काहीच गरज नाही. पास्टरांना एकट्याने गाठा, शक्यतो नवऱ्याला सोबत घेऊन, आणि सरळ विचारा की माझं नाव वहीतून काढलंत तर प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारस, घेता येईल का. 'येईल की' म्हणाले तर बाकीचे नियम सांभाळून, काही न सांभाळता, तिथेच राहा, माणसं ओळखीची झालीत. 'नाही' म्हणाले तर वाशी, नेरूळ, ठाण्यात मंडळ्यांना तोटा नाही.