पहिला चेक लिहिण्याआधी

ग्राहक ब्रँडमध्ये, म्हणजे लोकांच्या रोजच्या वापराच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीत, सुरुवातीच्या टप्प्यावर पैसे घालताय, तर विक्रीच्या चढत्या आलेखावर भाळू नका. जाहिरातीवर पैसा ओतला की विक्री कोणाचीही वाढते. संस्थापकांकडे महिनावार ग्राहकांचा तक्ता मागा: जानेवारीत पहिल्यांदा घेणाऱ्यांपैकी एप्रिलपर्यंत किती जण सवलतीशिवाय परत आले? मी सगळ्यात जास्त वेळ याच तक्त्यावर घालवतो.

मग एकाच ऑर्डरचा हिशोब मांडा. १०० ला विकलेल्या वस्तूत उत्पादनाचे ४०, पॅकिंग आणि पोहोचवण्याचे २०, जाहिरातीचे ३५ गेले, तर उरले ५. आणि परत आलेला माल अजून धरलेलाच नाही! असा ग्राहक पुन्हा आलाच नाही, तर वाढ म्हणजे नुसता वाढता तोटा.

मालात अडकणारा पैसाही बघा. कारखान्याला आगाऊ द्यायचे आणि दुकानांकडून दोन-तीन महिन्यांनी यायचे, या फटीत नफ्यातले ब्रँडही गुदमरतात.

उत्पादन स्वतः वापरा, हे वेगळं सांगायला नकोच.

मूल्यांकन, म्हणजे कंपनीची एकूण किंमत, सॉफ्टवेअर कंपन्यांसारखी विक्रीच्या कैक पटीत मागितली, तर शांतपणे नाही म्हणा. इथे पैसे काढून गुंतवणुकीतून बाहेर पडायची वाट बहुधा मोठ्या कंपनीने विकत घेण्याची. युनिलिव्हरने २०१६ मध्ये डॉलर शेव्ह क्लब हा दाढीचं सामान विकणारा ब्रँड सुमारे १ अब्ज डॉलरला घेतला, पण २०२३ मध्ये त्यातला बहुतांश हिस्सा विकून टाकला. तेव्हापासून खरेदीदारही नफा तपासूनच बोलतात, असं माझं मत. आणि सगळी रक्कम गुंतवणुकीच्या पहिल्याच फेरीत घालू नका. चाललेल्या ब्रँडच्या पुढच्या फेरीसाठी निम्मी तरी राखून ठेवा.