माचू पिचू: आईबाबांना घेऊन जाताय तर आधी कुस्कोचा विचार करा

तुमचा प्रश्न असा की आईबाबा साठीच्या पुढचे, हातात तीन दिवस, पेरूची राजधानी लिमाहून विमानाने कुस्को आणि तिथून माचू पिचू करून परत, तर उंचीचा त्रास होईल का आणि तिकिटं तिथे पोचल्यावर काढली तर चालतील का. मी माझ्या आईला घेऊन जाऊन आलेय, तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की माचू पिचू, म्हणजे इंका लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष, आहेत २,४३० मीटरवर आणि कुस्को शहर ३,४०० मीटरवर. म्हणजे ज्या अवशेषांच्या उंचीची आपल्याला धास्ती असते ते कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहेत, आणि त्रास होतो तो कुस्कोत. लिमा समुद्रकाठी, तिथून सव्वा तासात विमान तुम्हाला एकदम ३,४०० वर नेऊन सोडतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. तिथे हवेचा दाब खालच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. कुस्कोला उतरल्यावर आईने पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला तर तो फुगून टम्म झाला होता, सील तसंच, नुसता बाहेरचा दाब कमी झाला म्हणून. तो पुडा बघूनच मला कळायला हवं होतं. पण आम्ही हॉटेलात बॅगा टाकल्या आणि त्याच दुपारी वरच्या साक्सायवामान किल्ल्यावर चालत निघालो. तो आणखी वर, ३,७०० मीटरच्या आसपास. अर्ध्या वाटेत आईचं डोकं ठणकायला लागलं, रात्री दोनदा उलटी, झोप अशी नाहीच, डोळा लागला की दचकून जाग यायची. हॉटेलवाल्यांनी ऑक्सिजनचा सिलेंडर आणून दिला तेव्हा जरा बरं वाटलं. आम्ही सह्याद्रीत फिरणारी माणसं, आईनेही कळसूबाई केलेलं, पण कळसूबाई १,६४६ मीटर, त्या दमसासाचा इथे काही उपयोग नाही. धडधाकट तरुण माणूसही आडवा होतो.

म्हणून उलट्या क्रमाने जा. कुस्कोला उतरलात की विमानतळावरूनच गाडी करून थेट उरुबांबा किंवा ओयान्तायतांबोला जा, दोन्ही २,८०० ते २,९०० मीटरच्या आसपास, दीड-दोन तासांचा रस्ता. तिथे दोन रात्री काढा, पहिल्या दिवशी काही म्हणजे काही बघू नका, पाणी पीत राहा, जेवण हलकं, दारू नको. मग ओयान्तायतांबोहून ट्रेनने आग्वास कालिएन्तेस, हे गाव अजून खाली २,०४० वर, तिथे एक रात्र, सकाळी माचू पिचू, आणि कुस्को सगळ्यात शेवटी, तोपर्यंत शरीर सरावलेलं असतं. यात तीन दिवस पुरणार नाहीत हे तुमच्या लक्षात आलंच असेल, किमान सहा काढा. नाही निघत तर आईबाबांना घेऊन जाणं पुढे ढकला, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

औषधाचं म्हणाल तर अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी आहे, डायमॉक्स म्हणून मिळते, साधारण वर जायच्या आदल्या दिवशी सुरू करतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, बीपी-हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. गोळीने लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. तिकडे या त्रासाला सोरोचे म्हणतात आणि कोकाच्या पानांचा चहा देतात, प्यायला छान वाटतो, पण त्यावर विसंबून वर चढू नका, आणि पानं किंवा चहाच्या पिशव्या घरी आणू नका, आपल्याकडे ते बेकायदा आहे. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, त्याच क्षणी खाली न्यायचं आणि डॉक्टर गाठायचा.

आता तिकिटं. तिथे जाऊन काढू असं अजिबात करू नका. रोजची संख्या ठरलेली असते, तिकिटावर तारीख आणि वेळ असते, पासपोर्ट नंबर असतो आणि गेटवर मूळ पासपोर्ट बघतात. २०२४ पासून तीन सर्किट, म्हणजे आत फिरायच्या ठरवून दिलेल्या वाटा, केलीत आणि त्यात वेगवेगळे मार्ग, तुम्ही जे घ्याल तेवढंच बघायला मिळतं, मधेच दुसरीकडे वळता येत नाही. पहिलं सर्किट वरच्या अंगाने, फोटो सुंदर पण शहराच्या आत शिरत नाही. दुसऱ्यात वरून तो नेहमीचा फोटोही मिळतो आणि आतही जाता येतं, पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्यतो हेच घ्यावं. तिसरं खालच्या भागातून, चढ कमी, गुडघे दुखत असतील तर हे. आम्ही आईमुळे तिसरं घेतलं. सकाळी इतकं धुकं की दहा पावलांवरचं दिसेना, पण पाण्याचा आवाज येत होता, एकाखाली एक अशी सोळा कारंजी आहेत तिथे, पंधराव्या शतकातली, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून आणलेलं, आणि ते अजून वाहतंय. मग धुकं सरकलं आणि शेजारीच सूर्यमंदिराची गोल भिंत दिसली, खालच्या मूळ खडकाच्या उताराला जुळवून दगड असे घडवलेत की खडक कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते नीट बघितल्याशिवाय कळत नाही. आई तिथे बराच वेळ काही न बोलता उभी होती.

आत टॉयलेट नाही, गेटच्या बाहेरच आहे, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत, तेव्हा आधीच जाऊन या. पायऱ्या ओबडधोबड, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. ज्येष्ठांना काठी चालते पण टोकाला रबर हवं. गावातून वर जायला बस आहे, पंचवीस-तीस मिनिटं, तिचं तिकीट वेगळं, लाइन मोठी असते.

मे ते सप्टेंबर कोरडा मोसम, पैकी जून ते ऑगस्ट गर्दी फार आणि रात्री कडाक्याची थंडी, म्हणून मला मे किंवा सप्टेंबर योग्य वाटतो. जानेवारी-फेब्रुवारी टाळा, २०१० च्या जानेवारीत पुराने रेल्वेमार्ग तुटला आणि हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं. माचू पिचूपर्यंत डोंगरातून चालत जायचा चार दिवसांचा इंका ट्रेल आईबाबांबरोबर नकोच, त्यातली खिंड ४,२१५ मीटरवर आहे.

आणि एक, जे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं: पेरूहून भारतात परत येताना यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट मागतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर ही लस द्यायची की नाही ते डॉक्टर तपासून ठरवतात, त्यामुळे विमानाचं बुकिंग करायच्या आधी आईबाबांना त्यासाठी दाखवून आणा.