विदर्भातल्या शेतकऱ्यावर कॉलेजची शॉर्टफिल्म करतोय. तेच ते भेगाळलेलं शेत आणि गळफास कसं टाळू?

आमच्याही पहिल्या स्क्रिप्टमध्ये भेगा, दोर, रडणारी बायको, सगळं होतं. सप्टेंबरच्या शेवटी यवतमाळकडच्या खेड्यात शूटला गेलो तर पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, कमरेच्या वर, हिरवीगार! पण एका आजोबांनी बोंड फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी. संकट हिरव्या शेतातही असतं हे तिथं कळलं. तोच क्लोजअप आम्ही ठेवला, दोर काढून टाकला.

बाईला नुसतं रडवू नका. कापूस वेचतात बहुतेक बायकाच, मजुरी किलोवर. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली त्यांची बोटं दाखवा. आणि वऱ्हाडी फक्त विनोदी पात्राच्या तोंडी घालू नका, ते फार खटकतं. दुःखाचा संवादही त्याच बोलीत येऊ द्या.