पायमोंगोच्या (पायथनमधून मोंगोडीबी डेटाबेस वापरायची लायब्ररी) बल्क राइटमध्ये, म्हणजे अनेक नोंदी एकदम लिहिताना, एक नोंद अडली की पुढच्या सगळ्या थांबतात. काय करावं?

ऑर्डर्ड=फॉल्स द्या आणि बल्कराइटएरर पकडून त्याच्या डिटेल्समधली राइटएरर्स ही यादी वाचा. ऑर्डर्ड मुळात ट्रू असतो, म्हणून पहिल्या चुकीनंतर मोंगोडीबी पुढच्या नोंदींना हातच लावत नाही. यादीतल्या प्रत्येक चुकीसोबत इंडेक्स येतो. तुमच्या लिस्टमधली नेमकी कितवी नोंद अडली ते त्यावरून कळतं (मोजणी 0 पासून). कोड 11000 म्हणजे डुप्लिकेट की, म्हणजे एकमेव असायला हवी अशी किंमत आधीच डेटाबेसमध्ये आहे. तीच नोंद तशीच पुन्हा पाठवून उपयोग नाही, लॉगमध्ये टाका. कृपा करून नुसतं एक्सेप्ट-पास (एरर पकडून काहीच न करणं) लिहू नका, अडलेल्या नोंदींचा माग तिथेच संपतो. मात्र एरर आली तरी आधी यशस्वी झालेल्या नोंदी डेटाबेसमध्ये तशाच राहतात. सगळ्या किंवा एकही नाही असं हवं असेल तर ट्रान्झॅक्शन लागेल, आणि ते स्टँडअलोन (एकट्या, रेप्लिका सेट नसलेल्या) सर्व्हरवर चालत नाही.